कोण लागत होता

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. लातूरकडची माणसं तशीही मोठ्यानं बोलतात, त्यात मी चार बहिणींमधली मधली. ओरडल्याशिवाय ताटात भाकरी पडायची नाही. चाकणला कंपनीत लागले तेव्हा हेच तोंड बरोबर घेऊन आले. पंखा माझ्याकडे का नाही, चहा गार का, ओव्हरटाइम आयत्या वेळी का सांगता, बसची खिडकी कोणी उघडी ठेवली, मला विषय कधी कमी पडला नाही. त्याच तोंडानं आज मी त्या लाइनवरच्या बायांचं कौतुक करायला बसलेय. ज्या मला ओळखतात त्या हसतील. हसू द्या.

आता मी चऱ्होलीला राहते. नवरा आहे, मुलगी आहे, नोकरी दुसरीकडे आहे. नवऱ्याला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, म्हटलं, उगीच नंतर कटकट नको. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्या बाया भारी होत्या गं." बाकी काही नाही, एवढंच. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. म्हणजे लग्नाला.

आमची कंपनी गाड्यांच्या वायरिंगची होती. गाडीच्या पोटात दिव्यापासून हॉर्नपर्यंत जेवढ्या वायरी पळतात, त्यांची एक मोठी जुडी असते, तिला हार्नेस म्हणतात. ती जुडी आम्ही बाया बांधायचो. समोर उभा बोर्ड, त्याच्यावर खुंट्या. खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढून घ्यायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर बसवायचा. बोर्ड पट्ट्यावर सरकत असतो, थांबत नाही. तुमचं काम उरलं तर तुम्ही बोर्डाबरोबर चालत चालत पुढच्या बाईच्या अंगावर जाता, आणि मग ती बाई तुमचा उद्धार करते.

कनेक्टर बसवायची पद्धत ठरलेली. दाबायचा, टक् ऐकायचं, मग मागे ओढून बघायचा. टक् झालं नाही तर तो बसलेला दिसतो, पण बसलेला नसतो. नवीन मुलीला पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवायचे, दाब, ऐक, ओढ. इतकी सवय की खोलीवर कुकरचं झाकण लावलं तरी आम्ही ते ओढून बघायचो.

आमच्या लाइन लीडर ताई पिंपरीतच जन्मलेल्या. वडील जुन्या कंपनीत कामगार होते, त्यामुळे कंपनीची शिस्त त्यांच्या घरातलीच. माझं त्यांच्याशी दिवसातून एकदा तरी वाजायचं. शेजारच्या बोर्डवर माझी रूम पार्टनर, चिपळूणकडची, एवढी गरीब पोरगी की बसमध्ये कोणी तिच्या पायावर पाय दिला तरी हीच सॉरी म्हणायची. तिच्या वाटचंही मीच भांडायचे.

आणि तो. तो फोर्जिंगमध्ये होता. लाल झालेलं लोखंड चिमट्यानं उचलायचं आणि हातोड्याखाली धरायचं, असलं काम. हातावर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग पडलेले. चाकण चौकातून निघोज्याला, जिथं माझी खोली होती आणि त्याची कंपनीही, येणाऱ्या टमटममध्ये त्यानं आपला जेवणाचा डबा माझ्या पायावर ठेवला, तिथून सुरुवात झाली. मी जे सुरू झाले ते थेट माझा स्टॉप येईपर्यंत. हा बाबा ऐकतोय आणि हसतोय. मी उतरताना म्हणाला, "संपलं? उद्या पण याच टमटमला असतो मी." मला एवढा राग आला की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीच टमटम पकडली.

लोक पत्रिका जुळवतात, आम्ही शिफ्ट जुळवायचो. त्याची शिफ्ट एका बाजूनं फिरायची, माझी दुसऱ्या. मी फर्स्टला असले की तो थर्डला, मी सेकंडला की तो फर्स्टला. कधीतरी दोघांची एक यायची, तो आठवडा आमचा. नाहीतर गुरुवार. आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो, कंपन्या बंद, बाजार भरलेला. चाकणला जायचं, भेळ खायची, उगीच दुकानं बघत फिरायचं. तो रोज फोन करायचा आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिला प्रश्न, "आज कोणाशी?" म्हणजे आज कोणाशी भांडलीस. मी साद्यंत सांगायचे. तो मध्येच म्हणायचा, "बरोबर आहे तुझं," आणि शेवटी म्हणायचा, "पण त्या ताईंचं पण बरोबर आहे." दोन वर्षं हे असं चाललं. एवढं माझं ऐकून घेणारा माणूस मला त्याच्या आधी कोणी भेटला नव्हता.

घरी कोणालाच माहीत नव्हतं. माझ्याकडे तर स्थळं बघणं सुरू होतं, वडील दर आठवड्याला एक नवीन मुलगा फोनवर सांगायचे. त्याचं घर पिंपरीला, संत तुकाराम नगरात. "दिवाळी झाली की सांगतो घरी," म्हणाला होता. मी म्हटलं, आजच सांग की, दिवाळीनं काय घोडं मारलंय? तो हसला. मग दिवाळी यायच्या आधीच तो गेला. कामावरून घरी जाताना गाडीवरून पडला. कंटेनरच्या रस्त्यावर पडला, एवढं लिहिलं की इथल्या माणसाला पुढचं कळतं.

मला कसं कळलं तेही सांगते. त्याचा फोन आदल्या दिवसापासून बंद होता आणि मी मनातल्या मनात भांडण तयार करून ठेवलं होतं. लाइनवर मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत काढून बघितला. त्याच्या एका मित्राच्या स्टेटसला त्याचा फोटो. मला वाटलं, वाढदिवसाचं टाकलंय, आणि वाढदिवस तर झाला नाही अजून, काय गाढव माणूस आहे. इकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजली दोन्ही त्याच झेंडूच्या चौकटीत टाकतात, अक्षरं वाचल्याशिवाय समजत नाही. मी अक्षरं वाचली. मातीसुद्धा होऊन गेली होती. सकाळी मी इकडे पंख्यावरून बोलत होते तेव्हा तिकडे सगळं आटपलं होतं.

घंटा झाली. मी मोबाइल लॉकरमध्ये ठेवला, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि बोर्डवर जाऊन उभी राहिले. दुसरं काय करणार होते? कोणासमोर रडायचं आणि काय सांगून रडायचं? लाल वायर, काळी वायर, पिवळी वायर. हात चालत होते. मला वाटलं होतं, असं काही झालं तर माणूस खाली कोसळतो. तसं काही होत नाही. बोर्ड येतो, आपण वायर घालतो, दुसरा बोर्ड येतो.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, एक दिवस सुट्टी पाहिजे, मयत झालीय." साहेब वाईट नव्हते, कॉम्प्युटरमधून मान वर काढून अगदी हळू आवाजात विचारलं, "अरेरे. कोण लागत होते?"

आपल्यात हे पहिलं विचारतात. काका, मामा, मावसभाऊ, चुलत सासरा, साडूचा भाऊ, कितीही लांबचा असो, त्याला शब्द आहे, आणि शब्द सांगितला की समोरचा मान हलवतो. मी तोंड उघडलं. साहेब वाट बघत होते. मला म्हणायचं होतं, साहेब, तो माझा होता. पण असं कोणी म्हणतं का कंपनीत?

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग?"

"राहू द्या." आणि परत लाइनवर. साहेबांवर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. त्यांनी साधंच विचारलं होतं, उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरात कोणी गेलं की घरच्यांना सुतक असतं. लहानपणी मला वाटायचं ही एक कटकट आहे, देवाला हात लावायचा नाही, सणाला जायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. त्या आठवड्यात मला कळलं की ती सोय आहे. जगानं तुम्हाला दहा दिवस बाजूला बसू दिलेलं असतं. कोणी हस म्हणत नाही, कोणी चल म्हणत नाही, लोक येऊन नुसते शेजारी बसतात. मला सुतक नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या खोलीमालकिणीकडे सत्यनारायण होता. त्या निघोज्याच्याच जुन्या, दारात उभ्या राहून हाक मारली, "घे गं पोरी, परसाद हाय, न्हाई म्हनू ने." मी ओंजळ पुढे केली. त्याच्या घरी कोणाच्या तोंडात घास उतरत नसणार, आणि मी इकडे केळं घातलेला शिरा खात होते, चांगला तुपातला. गिळता येत नव्हता आणि थुंकता येत नव्हता. त्या शिऱ्याइतकं मला त्या दिवसांत दुसऱ्या कशानं छळलं नाही.

मला काय हवं होतं? फार काही नाही. एकदा त्याच्या घरी जायचं होतं. त्याच्या आईला बघायचं होतं. आणि त्या घरात माझ्याबद्दल एक अक्षर तरी कोणाला ठाऊक आहे का, एवढं कळायला हवं होतं. कोणालाच ठाऊक नसेल, तर मग ती दोन वर्षं फक्त माझ्या डोक्यात होती. उद्या मी म्हटलं असतं की असं काही नव्हतंच, तर खोटं पाडायला कोणी उरलं नव्हतं.

पण जाऊ काय म्हणून? दारात उभी राहून सांगू काय?

इकडे कामावर वेगळंच चाललं होतं, आणि ते मला खूप नंतर कळलं. मला टक् ऐकू येईनासं झालं होतं. कनेक्टर दाबायचे, पण बसला की नाही कळायचं नाही, कान बंद झाल्यासारखे. मी ओढून बघायचंही विसरायचे. आणि शेजारची माझी चिपळूणकर, स्वतःचं काम आधीच जड, बोर्ड तिच्याकडे सरकला की आधी माझे सगळे कनेक्टर एकेक करून ओढून बघायची, न बसलेला बसवायची, आणि मग आपलं काम पळत पळत पुरं करायची. एक शब्द बोलली नाही. खोलीवर रात्रीचा भात लावायची, माझ्यापुढे ताट ठेवायची, मी जेवले की उचलायची. बाई गं, किती ऋण फिटायचं राहिलंय माझं तिच्याकडे. परवा तिच्या मुलाच्या बारशाला गेले तेव्हा हे सांगितलं, तर म्हणते, "त्यात काय, तू पण माझ्यासाठी भांडायचीस ना."

आणि पट्टा. त्या पट्ट्याला मी काय काय शिव्या घातल्या असतील. तरी खरं सांगायचं तर त्यानंच मला उभं धरलं. खोलीवर असते तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले असते. इथं दर थोड्या वेळानं एक बोर्ड समोर यायचा आणि म्हणायचा, हं, वायर घाल. दुःखात माणसाला कोणीतरी काहीतरी करायला सांगावं लागतं. तेवढं तो करायचा.

ताईंना संशय आला तो मी भांडले नाही म्हणून. पंखा कोणीतरी फिरवला, त्याचं तोंड पलीकडे गेलं, मी गप्प. चहा गार आला, प्यायले. ताईंनी माझी परीक्षाच घ्यायची ठरवली असणार, कारण शिफ्ट सुटायला आली आणि त्यांनी मला सांगितलं, आज ओव्हरटाइम आहे. बाकीच्या बायांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरं."

ताईंनी माझा हात धरला आणि पाण्याच्या टाकीपाशी नेलं. काय झालं, बरं नाही का, असलं काही नाही. सरळ विचारलं, "कोण गेलं?"

मग मी सांगितलं. तिथे नळापाशी उभ्या उभ्या, टमटमपासून स्टेटसपर्यंत सगळं. ताई एकदाही म्हणाल्या नाहीत की लग्न ठरलं होतं का, घरच्यांना माहीत होतं का, कुठला होता, कोणातला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरी जाऊन आलीस त्याच्या?"

"मी काय म्हणून जाऊ ताई?"

"हे बघ, आमच्यात सुतक-बितक पाळत नाहीत. पण माणूस गेल्यावर घरी जायचं असतं, ते सगळ्यांच्यात असतं. तू एकटी नको जाऊस. आपण सगळ्या जाऊ."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे लाइन," ताई म्हणाल्या, जसं काही हे विचारायचंच कारण नव्हतं.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आख्खी लाइन पिंपरीच्या बसमध्ये चढली. ज्यांची बस आळंदीची होती त्यापण, ज्यांची तळेगावची होती त्यापण. एकीला घरी लहान लेकरू होतं, तिनं सासूला फोन करून सांगितलं की कंपनीत मीटिंग आहे. ड्रायव्हर दादा ओरडायला लागले, तर ताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. माझ्यासाठी खिडकीची जागा सोडली होती. मी बाहेर बघत बसले. मागे त्या आपसांत ठरवत होत्या, गेल्यावर काय सांगायचं. मला काही ऐकू येत नव्हतं. पिंपरीला उतरल्यावर ताईंनी दुकानातून साखर आणि चहा पावडर घेतली, दुःखाच्या घरी दिवसभर माणसं येतात, चहा लागतो.

आता आमचं काय चुकलं ते ऐका. आम्ही सगळ्या कामावरून तशाच आलो होतो. अंगावर राखाडी ॲप्रन, खिशावर आमच्या कंपनीचं नाव, गळ्यात कार्ड. एकीच्याही डोक्यात आलं नाही की ते काढून पिशवीत टाकावं. सवयच ती, कंपनीतून निघालं की बाई ॲप्रनमध्येच भाजी घेऊन घरी जाते.

घर तळमजल्याचं. बाहेर चपलांचा ढीग, खुर्च्यांवर पुरुषमाणसं. आत खुर्चीवर त्याचा फोटो, पुढे दिवा. सतरंजीवर बायका बसलेल्या. दाराशीच त्याच्या कंपनीतले दोघं निळ्या शर्टात बसले होते, आणि त्यांच्या शेजारी एक वयस्कर बाई, त्याच्या आत्या. एवढा राखाडी घोळका आत शिरताना बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण म्हणायच्या?"

आमच्यातली एक धीट होती, ती ठरल्याप्रमाणे म्हणाली, "आम्ही त्यांच्या कंपनीतल्या."

निळ्या शर्टवाले दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी कोणाला सांगितलंच नव्हतं. फोर्जिंगमध्ये हातोड्यांवर बाई नसते. त्याच्या शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, औषधालासुद्धा बाई नव्हती.

आत्यांचा आवाज चढला. "त्याच्या कंपनीत बायका कुठनं आल्या? आणि हे नाव तर दुसरंच आहे," असं म्हणून त्यांनी पुढचीच्या खिशाला बोट लावलं. ताई सावरायला गेल्या आणि जास्तच घोळ झाला. "म्हणजे, शेजारच्या कंपनीतल्या आम्ही," त्या म्हणाल्या. शेजारच्या कंपनीतल्या एवढ्या बाया साखर घेऊन कशाला येतील हो कोणाच्या घरी? मला वाटलं आता पळावं. रडू नाही, लाज नाही, नुसतं पळावं.

भिंतीशी एक बाई बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, मान खाली. इतका वेळ त्यांनी वर बघितलं नव्हतं. त्यांनी आता बघितलं. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं,

"तुमच्यातली भांडखोर कोण?"

सगळ्या, एकदम, ठरवल्यासारख्या, माझ्याकडे वळल्या. माझ्या गरीब चिपळूणकरणीनं तर बोटच दाखवलं.

त्यानं सांगितलं होतं. अगं माय, त्यानं सांगितलं होतं घरी. मला कानात काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. ताईंनी पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं.

"ये, बस इथं," आई म्हणाल्या, आणि सरकून सतरंजीवर जागा केली. माझा हात हातात घेतला, उलटा करून बोटं बघितली. टेपनं सगळी चिरलेली होती. "डब्यावरून भांडलीस म्हणे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसताच त्यांना रडू आलं. मग मला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं, आणि मी भांडते तशीच रडले, मोठ्यानं, नाक पुसायचं भान न ठेवता. आमची लाइन पण रडत होती. ज्यांनी त्याला कधी बघितलंही नव्हतं त्या बाया पदरानं, ओढणीनं, ॲप्रनच्या बाहीनं डोळे पुसत होत्या.

"नवरात्रात सांगितलं मला," आई म्हणाल्या. "म्हणाला, आई, ती तुझ्याशी पण भांडेल, तू मनावर नको घेऊस. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग घेऊन ये." आम्ही हात धरून बसलो होतो, मध्ये चहा आला, तो घेतला. आम्हीच आणलेल्या साखरेचा असणार.

निघायची वेळ झाली. आत्या दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या तसं आमच्या बायांनाही सांगत होत्या, "घरी गेल्यावर आधी अंगावर पाणी घ्या, मग घरात हात लावा." सुतकाच्या घरून परक्या माणसानं गेल्यावर आंघोळ करायची असते, ते सगळ्यांना माहीतच असतं, तरी सांगतात. बाया मान हलवत चपला घालत होत्या. माझी चपल ढिगात खाली गेली होती, मी वाकून शोधत होते. आत्या मलाही म्हणाल्या, "अंगावर पाणी घे हं घरी गेल्यावर."

आतून आईंचा आवाज आला. "वन्सं, तिला नका सांगू."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून माझी चपल ढिगातून काढली आणि माझ्या पायांपुढे ठेवली.

परतीला मी आणि माझी पार्टनर टमटमनं निघोज्याला आलो. कुठं जाणार ते खोलीमालकिणीला तिनं सकाळीच सांगितलं असावं, कारण त्यांनी अंगणातल्या चुलीवर पाणी तापवून दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. "आंदी आंगावर पानी घ्या, मंग खोलीत जा." पार्टनर मोरीत गेली. मी पायरीवर बसून राहिले, ॲप्रन तसाच अंगावर.

"तू न्हाई घेत?" मावशी म्हणाल्या.

"मला नको, मावशी. मला सुतक आहे."

त्यांनी कोणाचं, कधीपासनं, काही विचारलं नाही. "व्हय का," एवढंच म्हणाल्या, आणि दारापाशी जाऊन परत वळल्या. "मंग चूल पेटवू नगा आज. पिठलं-भाकरी मी धाडते."

दुःखाच्या घरी शेजारच्यांनी घास द्यायचा असतो, तसा त्यांनी दिला. ताटावर फडकं झाकून स्वतःच घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत समोर बसल्या. पिठलं झणझणीत झालं होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.